मदत हवी आहे : लहानपणीच्या कॅसेटमधला आवाज वाचवायचा आहे

कपाट आवरताना जुनी नव्वद मिनिटांची कॅसेट सापडली. एका बाजूला रेडिओवरून टिपलेली गाणी आहेत. मध्येच गाणं तुटतं आणि दहा वर्षांची मी घसा खाकरून बातम्या देते. बर्लिनची भिंत पडल्याची बातमी, म्हणजे नोव्हेंबर १९८९. बर्लिन कुठे आहे हेही तेव्हा धड माहीत नव्हतं, पण आवाजात काय तो रुबाब! मागून आई म्हणते, "अगं, हळू बोल." आई आता नाही. तिचा आवाज एवढाच उरलाय.

हल्ली बातम्या लागल्या की माझा हात आधी आवाज कमी करायला जातो. ती मुलगी नेमकी कधी मोठी झाली, ते ऐकून शोधावंसं वाटतं.

पण एकदाच वाजवली आणि टेप गुरगुरायला लागली, म्हणून लगेच थांबवली. फितीला मागून दाबून धरणारा नमद्याचा छोटा तुकडा निखळलाय, कडेला पांढरट बुरशीही दिसते. रेकॉर्डिंग पुसलं जाऊ नये म्हणून मागच्या दोन्ही खुट्या मी तेव्हाच तोडल्या होत्या, तेवढं बरं.

कुणी अशी फीत दुसऱ्या कॅसेटच्या खोक्यात घालून वाजवली आहे का? बुरशी घरी काढावी की जाणकाराकडेच द्यावी? संगणकावर उतरवताना खरखर काढली, तर मागचा आईचा बारीक आवाजही जाईल का? अनुभव असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहा.