मदत हवी आहे : वर्धा–यवतमाळ–नांदेड रेल्वेतल्या राज्याच्या वाट्याचा हिशेब कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी. मत मागायला आलेल्या प्रत्येक पक्षाला या २८४ किमी मार्गावर आकड्यांनिशी प्रश्न विचारायचे आहेत. खर्च केंद्र ६०, राज्य ४० टक्के. वर्धा–कळंब टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला, तर श्रेय सगळ्यांचंच. पुढचं काम रेंगाळलं की दिल्लीवाले मुंबईकडे बोट दाखवतात अन् मुंबईवाले दिल्लीकडे. जाहीरनाम्यातल्या 'प्राधान्य देऊ'वरून काहीच तपासता येत नाही.

केंद्राची बाजू जमली आहे. २०१७ पासून रेल्वेचा वेगळा अर्थसंकल्प नाही, पण पिंक बुक (रेल्वेच्या कामांची दरवर्षीची यादी) निघतं. त्यात कामासमोर अंदाजित खर्च, आजवरचा खर्च आणि यंदाची तरतूद असते. काही कामांसमोर फक्त १,००० रुपये दिसतात. ती नाममात्र तरतूद, काम यादीत जिवंत ठेवण्यापुरती. म्हणून 'मंजूर' शब्दावर मी विसंबत नाही.

अडलंय राज्याच्या बाजूला. गृह विभागाचे (परिवहन) शासन निर्णय काढले, पण निधी वितरणाचे सुटे आदेश जुळवून वर्षाची बेरीज लागत नाही. पुरवणी मागण्यांमधली (अर्थसंकल्पानंतर मागितलेल्या जादा निधीतली) रक्कम दोनदा धरली जाते, ही मोठी चूक होते. भूसंपादनाचा पैसा याच वाट्यात धरायचा की वेगळा, तेही कळत नाही.

मुंबईला चकरा मारणं शक्य नाही. ऑनलाइन किंवा टपालानेच जमेल. तरतूद नको, रेल्वेकडे प्रत्यक्ष जमा झालेली रक्कम हवी, वर्षनिहाय. त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज गृह विभागाकडे टाकावा की रेल्वेच्या बांधकाम शाखेकडे, आणि कागदाचं नेमकं नाव काय लिहावं?