वॉकर म्हणजे चालणारा का?

लीड्सकर:
तीन वर्षं झाली लीड्सला येऊन, आमच्या टीममध्ये दोन वॉकर, एकमेकांचे कुणी नाहीत, मुलीच्या वर्गात अजून एक. मला वाटायचं पूर्वी पायी निरोप पोचवणारे जासूद असतील, त्यांचं हे आडनाव. पण शेजारच्या आजी म्हणाल्या की चालायचं खरं, पण रस्त्यावर नाही, कापडावर! आणि टकर, फुलर पण तेच म्हणे. कुणी नीट सांगेल का?

जुनंपानं:
आजी बरोबर सांगतायत. मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड लगेच अंगात घालण्यासारखं नसतं, वीण विरळ असते आणि लोकरीचा मेणचटपणा तसाच असतो. मग ते हौदात टाकून पायांनी तासन्‌तास तुडवायचे, आणि पाण्यात काय तर घरोघरून गोळा केलेलं शिळं मूत्र, कारण त्यातल्या अमोनियाने तेलकटपणा सुटतो. सोबत एक माती घालायचे, इंग्रजीत तिला फुलर्स अर्थ म्हणतात, म्हणजे आपली मुलतानी माती! तुडवून तुडवून धागे एकमेकांत गुंततात, पन्हा आटतो पण कापड असं दाट होतं की वारा आत शिरत नाही.

हे काम करणारा तो इंग्लंडच्या उत्तरेत आणि मिडलँड्समध्ये, म्हणजे मधल्या भागात, वॉकर, दक्षिण-पूर्वेला फुलर आणि नैऋत्येला डेव्हन-सॉमरसेटकडे टकर. फुलरचं मूळ लॅटिन, टकर आलं जुन्या इंग्रजीतल्या छळणे या अर्थाच्या क्रियापदावरून, कापडाचे हाल बघता पटतंच. वॉकचा जुना अर्थसुद्धा लोळवणे, घोळवणे असा होता, चालणे नंतर आलं. एक्सेटरला या लोकांच्या संघाची १४७१ची इमारत अजून उभी आहे, नाव टकर्स हॉल.

मँचेस्टरची मावशी:
पाय फार काळ नाही हो लागले, ११८५च्या टेंप्लर लोकांच्या, म्हणजे लढवय्या ख्रिस्ती साधूंच्या संघाच्या, नोंदीतच कापड कुटणाऱ्या, पाण्यावर चालणाऱ्या गिरण्या सापडतात. लँकशरमध्ये हेल्मशोरला १७८९ची एक गिरणी आहे, मी मुलांना घेऊन गेले होते. पाणचक्कीच्या जोरावर ते अवजड लाकडी हातोडे एकाआड एक उचलले जातात आणि धप्पकन हौदात पडतात, हौदाचा तळ गोल असल्यामुळे दर ठोक्याला कापड जरासं फिरतं, म्हणजे एकाच जागी मार बसत नाही. किती विचार केलाय बघा!

नंतर ओलं कापड आकसू नये म्हणून बाहेर लाकडी चौकटीवर ताणून आकड्यांना अडकवायचे, त्या आकड्यांना टेंटरहुक म्हणतात, आणि इंग्रजीत माणूस टेंटरहुकवर असतो म्हणजे त्याचा जीव टांगणीला लागलेला असतो. आपणही टांगणीच म्हणतो, हे लक्षात आलं तेव्हा मला इतकं छान वाटलं!

वंशावळवेडा:
वर सगळं बरोबर आहे पण लीड्सकर, तुमच्या दोन्ही वॉकरांचे पूर्वज कापड तुडवत होते असं लगेच धरू नका. इंग्लंडमध्ये साधारण १४००पर्यंत बहुतेक आडनावं पिढीजात झाली होती, त्यानंतर मुलगा काहीही काम करो, आडनाव तेच. न्यूकॅसलला वॉकर नावाचा भाग आहे, त्याचा अर्थ रोमन भिंतीजवळची दलदल, तिथून आलेला कुणी वॉकर असू शकतो. स्कॉटलंडमध्ये गेलिक भाषेत कापड तुडवणाऱ्याचा मुलगा अशा अर्थाचं आडनाव होतं, त्याचंही इंग्रजी करताना वॉकर केलं. घराण्याचं खरं मूळ हवं तर चर्चच्या नोंदीतून एकेक पिढी मागे जावं लागतं, नुसत्या आडनावावरून नाही कळत.

लीड्सकर:
अरे वा, मनापासून आभार सगळ्यांचे! आई इथे येताना दर वेळी मुलतानी मातीचं पाकीट आणते, तिला आजच फोन करून सांगतो. अजून एक, वेब्स्टर पण कापडातलेच का?

जुनंपानं:
हो, वेब, वीव्हर, वेब्स्टर तिघे विणकरच. ते स्टर शेपूट मुळात बायकांसाठी होतं, वेब्स्टर म्हणजे विणणारी, बॅक्स्टर म्हणजे पाव भाजणारी, ब्रूस्टर म्हणजे बिअर गाळणारी. पण आडनावं पडेपर्यंत ते पुरुषांनाही लागायला लागलं होतं.