मोटारीच्या दाराची काच फुटली. स्वस्त उपाय कोणता?

प्रश्न (दारव्हा, जि. यवतमाळ): दगड उडून माझ्या जुन्या मोटारीच्या मागच्या दाराची काच फुटली आहे. कापसाचे पैसे अजून हाती आलेले नाहीत. ही काच दुरुस्त होऊ शकते का?

उत्तर १: नाही. समोरची काच दोन थरांची असल्याने तिचा लहान तडा बुजवता येतो; दाराची काच मात्र बहुधा टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेली असते आणि फुटताच तिचा चुरा होतो. नागपूर किंवा अमरावतीला जुन्या सुट्या भागांच्या दुकानांत त्याच मॉडेलची, त्याच दाराची काच शोधावी.

उत्तर २: सहमत आहे. बसवण्यापूर्वी दाराच्या पोकळीतील तुकडे काढून घ्यावेत, अन्यथा नव्या काचेवर ओरखडे पडतात. विम्याचा दावा केल्यास नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जाऊ शकतो, हा हिशेबही आधी करावा.

उत्तर ३: तोवर जाड प्लास्टिक लावावे, परंतु चिकटपट्टी रंगावर नको, आपल्याकडच्या उन्हात तिचा गोंद निघता निघत नाही.