आधी अक्ष बघा
‘रंग बदलले की आलेख सुधारतो आणि पाय चार्ट टाळावा’ असं एक मत वाचलं, ते मला अर्धंच पटलं. मी आधी उभा अक्ष बघतो. स्तंभालेखात ९६ आणि ९८ हे आकडे असतील आणि सॉफ्टवेअरने अक्ष ९५ पासून सुरू केला, तर दुसरा स्तंभ पहिल्याच्या तिप्पट उंच दिसतो. खरा फरक जेमतेम दोन टक्क्यांचा! रेषालेखात हे चालून जातं, तिथे आपण चढउतार वाचतो. पाय चार्ट (वर्तुळाचे तुकडे पाडून काढलेला आलेख) टाळावा, याबद्दल मात्र सहमत. तुकड्याच्या कोनापेक्षा एकाच मापपट्टीवरचं स्थान (जसं स्तंभाचं टोक) डोळ्याला जास्त अचूक कळतं, हे क्लीव्हलँड आणि मॅकगिल या संशोधकांनी १९८४ सालीच दाखवलंय. आणि हो, एआयकडून आलेख काढून घेतलात तर दोन-तीन बिंदू मूळ तक्त्याशी ताडून बघाच. गाळलेल्या नोंदी तिथे सापडू शकतात.