सिल्वाप्लानाच्या तळ्यावर काइटसर्फिंग: जुलैअखेरचा बेत, सल्ला हवा

मोरजिमची_वाळू
नमस्कार मंडळी. मी नोकरीसाठी झ्युरिकला असते. काइटसर्फिंग (पतंगाच्या ओढीने फळीवर उभं राहून पाण्यावरून जाणं) मोरजिमला शिकले, पुढे रामेश्वरमलाही केलं. म्हणजे आजवरचं सगळं खाऱ्या पाण्यात आणि उबदार हवेत. जुलैअखेर धाकटा भाऊ पुण्याहून येतोय, त्यालाही हाच नाद. दोघांनी मिळून एंगाडिन खोऱ्यातल्या सिल्वाप्लानाच्या तळ्यावर जायचा बेत केलाय.

माझं वजन ५८ किलो, काइट (म्हणजे पतंग) ७ आणि ९ चौरस मीटरचे. त्याचं वजन ७८, त्याचे १० आणि १२. दोघांनाही वाऱ्याच्या वर चढता, म्हणजे वारा येतो त्या बाजूला सरकता, येतं. सेल्फ-रेस्क्यू (अडकल्यावर स्वतःच काठाला परतणं) शिकलोय, पण खोल पाण्यात तो करायची वेळ कधी आलेली नाही.

तिथे वारा रोज मिळतो का? हेच काइट पुरतील का? सूट किती जाड घ्यावा? आणि आई फोनवर सारखी विचारते, "तळंच आहे ना, मग समुद्रापेक्षा सोपंच असेल?" तिला खरं उत्तर द्यायचंय.

घाटमाथ्यावरचा
आईंच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात. लाटा नाहीत, भरती-ओहोटी नाही, एवढ्यापुरतं सोपं. वारा, थंडी आणि खोली या तिन्ही बाबतीत समुद्रापेक्षा वेगळं आणि काही वेळा अवघड. मी जवळच्या कूर शहरात राहतो आणि उन्हाळ्यात जमेल तेव्हा त्या तळ्यावर असतो.

आधी वारा समजून घ्या. शाळेत आपण दरीय वारे शिकलो: दिवसा खोऱ्यातून डोंगराकडे वर, रात्री उलट. एंगाडिनमध्ये दिवसाचा वारा खोऱ्याच्या उताराच्या दिशेने, म्हणजे खाली वाहतो. याचं कारण मालोयाची खिंड. ही जागा आपल्या घाटमाथ्यासारखी आहे: एका बाजूला जवळजवळ सपाट उंच खोरं, दुसऱ्या बाजूला कोकणात उतरावं तशी बेर्गेलची दरी एकदम खाली जाते. सकाळच्या उन्हाने बेर्गेलचे उतार तापतात, हवा दरीतून वर चढते, १८१५ मीटरची खिंड ओलांडते आणि थेट तळ्यांवर उतरते. हाच मालोया वारा.

म्हणून तो उन्हाच्या वेळापत्रकाने चालतो. स्वच्छ सकाळ असेल तर दुपारी बाराच्या आसपास पाण्यावर पहिल्या सुरकुत्या दिसतात, दोन-तीन वाजता भर असतो, संध्याकाळी पाच-सहाला पडतो. सकाळी पाणी आरशासारखं दिसलं म्हणून निराश होऊन निघून जाऊ नका. मात्र ढगाळ दिवशी वारा येईलच असं नाही, आणि उत्तरेकडून फॉन (आल्प्स ओलांडून खाली उतरणारा कोरडा वारा) वाहत असेल तर मालोया दबतो, उरतात ते वेडेवाकडे झोत. खिंडीतून कधी ढगांचा लांबलचक पट्टा सरपटत येतो, त्याला तिथे मालोयाचा साप म्हणतात. हवा दमट झाली, दिवस बिघडणार याची ती खूण मानतात. तेव्हा फक्त शनिवार-रविवारचा बेत नका करू. मधले वार धरा आणि एखाद-दोन दिवस मोकळे ठेवा.

आता काइट. तळं १७९१ मीटरवर आहे. तिथली हवा गोव्याच्या किनाऱ्यापेक्षा साधारण १५ टक्के विरळ, हा थंडीचा हिशेब धरून. वाऱ्याचा वेग तोच असला तरी ओढ तेवढी कमी. तुमचा ९ तिथे साडेसात-पावणेआठसारखा वागेल. तुमच्या वजनाला चांगल्या दिवशी ९ पुरेल, मंद दिवसासाठी ११ किंवा १२ भाड्याने घ्या. ७ घरी राहिला तरी चालेल. भावाने १२ आणावा, १० जोराच्या दिवसासाठी. वारा डोंगरांमधून येत असल्याने झोत असमान असतात. ओढ कमी करायला बार (काइटचा हातातला दांडा) बाहेर सोडायची सवय आणि क्विक रिलीजवर (काइटची ओढ लगेच तोडणारी कळ) हात हवा.

पाणी भर उन्हाळ्यात १५ अंशांच्या आसपास असतं. ५/४ चा (५ आणि ४ मिलिमीटर जाडीचा) सूट आणि बूट घ्या, वारा पडल्यावर पाण्यात वाट बघावी लागली तर हुडही लागेल. मोरजिमला काठाजवळ पाय टेकतात. इथे तळं ७७ मीटरपर्यंत खोल आहे. येण्याआधी कुणी सोबत असताना, जवळ बोट असलेल्या जागी सेल्फ-रेस्क्यू पूर्ण करून बघा: लाइन (काइटच्या दोऱ्या) गुंडाळण्यापासून काइटचं शीड करून काठाला लागेपर्यंत. वारा झिल्सकडून (तळ्याच्या मालोयाकडच्या टोकाचं गाव) सिल्वाप्लानाच्या टोकाकडे जातो, म्हणजे अडकलात तरी वाहत काठाकडेच जाल. पण काठावर झाडं आणि रस्ता आहे, त्यामुळे काइट त्याआधीच आवरलेला हवा. आणि दुपारनंतर डोंगरांवर काळे ढग फुगायला लागले की पाण्याबाहेर या, वारा कितीही छान असो.

रुळावरून
झ्युरिकहून गाडीने कूर, तिथून आल्बुला मार्गाने सेंट मॉरिट्झ, पुढे पिवळी पोस्टबस. साडेतीन तासांच्या वर धरा. काइटच्या पिशव्या ट्रेनमध्ये बसतात. कारने गेलात तर युलिअर खिंड (२२८४ मीटर) ओलांडून थेट तळ्याशीच उतरता.

कागदपत्रं_आधी
भावाच्या विम्याकडे लक्ष द्या. शेंगेन व्हिसासाठी घेतलेल्या साध्या प्रवास विम्यात बरेचदा काइटसर्फिंग धरलेलं नसतं. पॉलिसीतल्या साहसी खेळांच्या यादीत ते नाव शोधा, नसेल तर वाढीव कव्हर घ्या. शिवाय स्वित्झर्लंडमध्ये काइटसर्फरला दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई देणारा विमा सक्तीचा आहे, आणि साहित्यावर नाव-पत्ता लिहिलेला असावा लागतो. २०१६ पासून देशातल्या बऱ्याच तळ्यांवर काइटला मोकळीक मिळाली, पण लाँच (काइट हवेत चढवणं) ठरलेल्या जागीच करायचा. तिथल्या काइट स्कूलमध्ये आधी जाऊन नियम विचारा.

मोरजिमची_वाळू
मनापासून आभार. आईला सगळं वाचून दाखवलं. तिला घाटमाथ्याचं लगेच कळलं, तिचं माहेर आंबोलीचं. बेत बदलला: आता सोमवार ते शुक्रवार. फॉनचा दिवस निघाला तर खिंड उतरून इटलीतल्या कोमो तळ्यावर जाणं बरं का?

घाटमाथ्यावरचा
बरं आहे. कोमोच्या उत्तर टोकाला कोलिकोच्या बाजूला दुपारी दक्षिणेकडून ब्रेवा नावाचा वारा वाहतो, पाणी आणि हवा दोन्ही उबदार. पण जोरदार फॉन तिथेही पोचतो, त्या सकाळी अंदाज बघूनच निघा. तळं बदलताना मात्र साहित्य स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून न्या. बूट, हार्नेस, पंपाची नळी, सगळं. क्वागा नावाचा परका शिंपला २०१६ मध्ये कॉन्स्टन्सच्या तळ्यात सापडला आणि आता इतर तळ्यांतही पसरलाय. त्याची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत, ओल्या साहित्यातल्या थेंबांतून दुसऱ्या तळ्यात जातात, आणि एकदा शिरली की काढता येत नाहीत. एंगाडिनची तळी मला फार प्रिय आहेत, म्हणून हे हात जोडून सांगतोय. झ्युरिकच्या तळ्यावर सराव केलात तर निघायच्या आधी सगळं उन्हात चांगलं वाळू द्या.

भाऊ कोणत्या तारखेला पोचतोय ते कळवा. त्या आठवड्यात मी तिकडे असेन तर लाँचला मदत करीन.