धडाधडा वाचतात, पण अर्थ सांगता येत नाही: नववीच्या इंग्रजीसाठी मदत हवी आहे

नमस्कार. मी इयत्ता नववीला इंग्रजी शिकवते. वर्गात ५० विद्यार्थी असून तासिका ३५ मिनिटांची आहे. गेल्या महिन्यात एका विद्यार्थिनीने धड्यातील अख्खा परिच्छेद कुठेही न अडखळता वाचला; उच्चार स्वच्छ होते, स्वल्पविरामापाशी ती थांबतही होती. पुस्तक मिटायला लावून "यात काय घडले ते मराठीतच सांग" असे म्हटले, तेव्हा मात्र तिला एक वाक्यही सांगता आले नाही. मग इतरांनाही तसेच विचारून पाहिले आणि लक्षात आले की, इतकी वर्षे मी ज्याला वाचन समजत होते ते बहुतेकांच्या बाबतीत नुसते अक्षरांना आवाज देणे होते.

लेखनाची गत याहून वेगळी नाही. 'पावसाळा' या विषयावर पाठ केलेला निबंध 'उन्हाळा' हा विषय दिला तरी जवळजवळ तसाच उतरतो, फक्त 'रेन'च्या जागी 'सन' येतो. एका वहीला ४ मिनिटे धरली तरी ५० वह्यांना २०० मिनिटे लागतात, आणि एवढे करून मुले लाल शाईकडे न बघता गुण पाहून वही मिटतात. संभाषणासाठी मी ४-३-२ ही पद्धत करून पाहिली. यात एकच विषय आधी एका सोबत्याला ४ मिनिटांत, मग दुसऱ्याला ३ आणि तिसऱ्याला २ मिनिटांत सांगायचा असतो. मजकूर ओळखीचा होत गेल्यामुळे बोलण्याला ओघ येतो, अशी त्यामागील कल्पना आहे. माझ्या वर्गात दुसऱ्याच मिनिटाला सगळे मराठीवर आले.

वाचन, लेखन आणि संभाषण यांसाठी वेगवेगळ्या तासिका ठेवाव्यात की तिन्ही एकाच मजकुरावर बेतावीत? आणि चुका किती दुरुस्त कराव्यात? ज्यांनी मोठ्या वर्गात हे प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद:

मॅडम, त्या मुलीचे फारसे नवल वाटले नाही. चारचौघांत परक्या भाषेतील मजकूर मोठ्याने वाचताना सारे लक्ष उच्चार सांभाळण्यात जाते आणि अर्थाकडे बघायला उसंत राहत नाही. म्हणून आधी एक प्रश्न फळ्यावर लिहावा, त्याचे उत्तर शोधण्यासाठी मूकवाचन करू द्यावे आणि प्रकट वाचन सर्वांत शेवटी ठेवावे. मात्र त्याआधी मजकूर तपासावा. हू आणि नेशन या भाषाशिक्षणाच्या संशोधकांच्या २००० सालच्या अभ्यासानुसार, कोणाच्या मदतीशिवाय नीट आकलन होण्यासाठी मजकुरातील सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात, म्हणजे शंभरात दोनच नवे. हे प्रमाण फारच बिघडलेले असेल तर कोणतीही कृती घेतली तरी मुले अंदाजच बांधत राहतात.

तासिका वेगळ्या ठेवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मुले मराठीवर येतात ती आळसाने नव्हे, तर बोलायला हाताशी काही नसते म्हणून. जो परिच्छेद वाचला त्यातलेच पाच शब्द टिपून घ्यायला १ मिनिट द्यावे (वाक्ये लिहू देऊ नयेत, नाहीतर ती वाचूनच दाखवतात) आणि बोलण्याची वेळ ९०, ६० आणि ४५ सेकंदांवर आणावी. ४ मिनिटे सलग बोलणे आपल्याला मराठीतसुद्धा जड जाईल! जे तीनदा बोलून झाले तेच मग पाच ओळींत लिहायला सांगावे. असे लेखन पाठांतरातून येऊच शकत नाही.

दुरुस्तीविषयी सांगायचे तर, व्याकरणाच्या चुका दुरुस्त करून लेखन सुधारत नाही, असे ट्रस्कॉट या संशोधकांनी १९९६ साली मांडले आणि फेरिस या दुसऱ्या संशोधकांनी १९९९ साली त्याचा प्रतिवाद केला. मी मधला मार्ग धरतो. एका वेळी एकच प्रकार, समजा भूतकाळी क्रियापदे, एवढाच पाहतो. चूक असेल त्या ओळीपुढे समासात फक्त टिंब देतो आणि ती शोधण्याचे काम मुलांवर सोपवतो. रोज १० वह्या घेतल्या की आठवड्यात वर्ग पुरा होतो. गुण मात्र दुरुस्ती झाल्यावरच द्यावेत.

मूळ प्रश्नकर्तीचे उत्तर:

मनःपूर्वक आभार, सर. आजच पुढच्या धड्यातील १०० शब्दांचा उतारा देऊन अनोळखी शब्द अधोरेखित करायला सांगितले. सर्वांत कमी ३ निघाले आणि सर्वांत जास्त २६. आता अडचण अशी की, २६ शब्द अडणाऱ्यांसाठी त्याच उताऱ्याची सोपी आवृत्ती मी स्वतः लिहावी, की सर्वांना एकच उतारा देऊन कठीण शब्द आधी शिकवावेत? दोन आवृत्त्या केल्या तर जोड्या लावून बोलण्याची कृती कशी घ्यावी, हेही कृपया सांगावे.