मदत हवी आहे: पीएच.डी. संशोधकांच्या सप्ताहात ओळखी कामातून कशा घडवाव्यात?

नमस्कार. मी बेळगावातील एका विद्यापीठात अर्थशास्त्रात पीएच.डी. करीत आहे. नोंदणीचे हे चौथे वर्ष असून निपाणी परिसरातील विडी कामगार स्त्रियांच्या घरखर्चाचा हिशेब हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. दिवाळीनंतर आमच्याकडे सर्व विद्याशाखांच्या संशोधक विद्यार्थ्यांसाठी पाच दिवसांचा सप्ताह होणार आहे. त्यात व्याख्याने, नोकरीच्या वाटांविषयी मार्गदर्शन आणि एकमेकांच्या ओळखी, म्हणजे सगळे ज्याला नेटवर्किंग म्हणतात ते, असा कार्यक्रम आखावयाचा आहे. आखणीचे काम चार विद्यार्थ्यांवर सोपवले असून त्यांपैकी मी एक आहे. व्याख्यानांचे आम्ही निभावून नेऊ. अडचण आहे ती ओळखींच्या सत्राची, आणि मुख्यतः त्यासाठीच हा धागा काढत आहे.

गेल्या वर्षीही असाच सप्ताह झाला होता. चहापानाची वेळ हीच परस्परसंवादाची वेळ, असे कार्यक्रमपत्रिकेत छापले होते. प्रत्यक्षात बाहेरगावचे पाहुणे आणि आमचे मार्गदर्शक प्राध्यापक खिडकीजवळच्या टेबलाभोवती उभे राहिले, आणि आम्ही विद्यार्थी फाइली छातीशी धरून समोरच्या भिंतीला लागून उभे राहिलो. वीस मिनिटांनी घंटा झाली आणि सगळे आत गेले. कोणाची चूक होती असे मला म्हणावयाचे नाही. अनोळखी मोठ्या माणसापुढे जाऊन "सर, मी अमुक विषयावर काम करते" असे आपणहून म्हणण्याची आमच्याकडच्या मुलामुलींना सवय नसते, आणि पाहुण्यांनाही कोणाला काय विचारावे हे कळण्यास काही मार्ग नव्हता.

त्या दिवशीची एक गोष्ट मात्र माझ्या मनातून जात नाही. खानापूरची माझी एक मैत्रीण तिथल्या मातीवर रसायनशास्त्रात काम करते. (खानापूरची माती कुंभारकामासाठी पूर्वीपासून नावाजलेली आहे, केंद्रीय ग्राम कुंभारकाम संस्था तिथेच आहे.) तिच्या पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली, भाजलेल्या मातीची वीतभर लांबीची एक पट्टी होती. ओल्या मातीवर बरोबर दहा सेंटिमीटर अंतरावर दोन खुणा करायच्या आणि पट्टी वाळवून, भाजून झाल्यावर त्या खुणांमध्ये किती अंतर उरले ते मोजायचे, म्हणजे माती किती आकसते ते समजते. ती पट्टी दाखवावी म्हणून तिने मुद्दाम आणली होती आणि दिवसभर ती पिशवीतच राहिली. संध्याकाळी बसस्थानकावर खानापूरच्या गाडीची वाट पाहत असताना तिने ती मला दाखवण्यासाठी बाहेर काढली. शेजारच्या बाकावर बसलेल्या एका वीटभट्टीवाल्या काकांनी ती मागून घेतली, नखाने टिचकी मारून आवाज ऐकला आणि एकापाठोपाठ एक विचारले: माती कुठल्या गावची, आच किती दिली, आणि वाळताना तडा गेला नाही का? तिसऱ्या प्रश्नाचे नीट उत्तर तिच्याजवळ नव्हते. आज तिच्या प्रबंधात माती वाळवण्याच्या वेगावर एक स्वतंत्र भाग आहे, तो त्या प्रश्नातून आलेला आहे.

दिवसभराच्या सत्रांतून जे घडले नाही ते बसस्थानकावर पाच मिनिटांत घडले, कारण मध्ये एक वस्तू होती. यावरून मला असे सुचले आहे की या वर्षी प्रत्येक संशोधकाने आपल्या कामातील एकच वस्तू सोबत आणावी आणि ओळख त्या वस्तूपासून सुरू व्हावी. मी स्वतः तेंदूचे पान ज्या मापाने कापतात तो पत्र्याचा तुकडा आणणार आहे. वनस्पतिशास्त्राच्या मुलांकडे वाळवलेले नमुने आहेत, अभियांत्रिकीच्या मुलांकडे ओतकामाचे तुकडे आहेत. परंतु गणिताच्या किंवा भाषेच्या संशोधकाने काय आणावे? आणि हे केवळ प्रदर्शन होऊन राहू नये, खरोखर बोलणे व्हावे, यासाठी मांडणी कशी करावी? ज्यांनी असे काही केले असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

दुसरी अडचण वेळेची आहे. असे सत्र संध्याकाळी ठेवण्याची सर्वत्र पद्धत दिसते. आमचे बरेच संशोधक खानापूर, निपाणी, संकेश्वर, चिकोडी आणि सीमेपलीकडच्या चंदगड, गडहिंग्लजकडून रोज ये-जा करतात, आणि साडेचार वाजले की त्यांचे लक्ष घड्याळाकडे असते. संध्याकाळचे सत्र म्हणजे त्यांना वगळणे होय.

तिसरे, नोकरीच्या मार्गदर्शनाविषयी. आपल्या सीमाभागातील विद्यार्थी एकाच वेळी धारवाड, कोल्हापूर आणि गोवा अशा तीन बाजूंना पाहत असतो. पण त्याला पात्रतेचे नियम फार उशिरा कळतात. सहायक प्राध्यापकपदासाठी जून २००२ पासून झालेल्या राज्य पात्रता परीक्षा (सेट) त्या त्या राज्यापुरत्याच धरल्या जातात, त्यामुळे के-सेट, म्हणजे कर्नाटकची सेट, उत्तीर्ण झालेल्याला त्या जोरावर कोल्हापुरात अर्ज करता येत नाही, आणि महाराष्ट्राची सेट गोव्यात चालली तरी बेळगावात चालत नाही; नेट ही राष्ट्रीय परीक्षा तेवढी सगळीकडे चालते. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकपदासाठी नेट, सेट किंवा स्लेट (काही राज्यांतील सेटचेच नाव) ही किमान अर्हता झाली आणि पीएच.डी. ऐच्छिक ठरली, हेही अनेकांना प्रबंध अर्ध्यावर आल्यानंतर समजते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीप्रमाणे पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षे आहेत (स्त्रियांना आणि दिव्यांगांना त्यावर दोन वर्षांची सवलत आहे), म्हणून चौथ्या वर्षात आलेल्या आमच्यासारख्यांना "मन लावून काम करा, संधी चालून येतील" एवढ्यावर थांबणारे भाषण पुरत नाही. अध्यापनाबाहेरच्या कामांविषयी कोणाला बोलवावे, आणि त्यांना नेमके काय बोलण्याची विनंती करावी, याबद्दलही सुचवावे. हाताशी निधी मर्यादित आहे, त्यामुळे विमानाने येणारे पाहुणे शक्य नाहीत.

पहिला प्रतिसाद

ताई, मी गणितात पीएच.डी. केली आहे, म्हणून माझ्यापुरते उत्तर देतो. गणिताच्या विद्यार्थ्याला त्याच्या फसलेल्या सिद्धतेचा एक कागद आणावयास सांगा, आणि जिथे ती फसली त्या ओळीखाली रेघ मारून आणावयास सांगा. निष्कर्ष पाहून लोक मान डोलावतात आणि पुढे जातात, पण अडलेली जागा पाहिली की माणूस थांबून विचारतो. भाषेच्या संशोधकाने हस्तलिखिताच्या एका पानाची छायाप्रत आणावी, ज्यात एखादा शब्द दोन प्रकारे वाचता येतो.

मांडणीबाबत अनुभव असा आहे की सहा-सहा जणांचे गट करावेत आणि एका गटात एका विषयाचे दोघे नसावेत. प्रत्येकाने तीन मिनिटे सांगावे आणि पाच मिनिटे इतरांनी फक्त प्रश्न विचारावेत, सल्ला देऊ नये. म्हणजे एक गट साधारण पन्नास मिनिटांत आटोपतो. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ मध्ये तीन मिनिटांत प्रबंध सांगण्याची स्पर्धा सुरू केली, तिथेही एकच स्थिर चित्र दाखवण्याची मुभा असते. मात्र तुम्ही स्पर्धा ठेवू नका. क्रमांक आले की मुले पाठ करून येतात.

आणखी एक गोष्ट आवर्जून करावी. मार्गदर्शकांना गटांत जरूर बसवा, पण स्वतःच्या विद्यार्थ्याच्या गटात नको. आपले सर समोर असले की "हे मला अजून कळलेले नाही" असे म्हणण्यास जीभ रेटत नाही.

दुसरा प्रतिसाद

मी चंदगडहून बेळगावला चार वर्षे ये-जा केली आहे, त्यामुळे वेळेचा प्रश्न तुम्ही मांडलात याचे फार समाधान वाटले. सत्र सकाळी साडेअकराला ठेवा आणि त्याला लागूनच जेवण ठेवा, म्हणजे सुरू झालेले बोलणे ताटावर पुढे चालते. साडेनऊला ठेवल्यास दूरची मुले धावत येतील आणि निम्मे सत्र धाप टाकण्यात जाईल. प्रवासखर्चाचाही विचार करावा. कर्नाटकातील मुलींना जून २०२३ पासून शक्ती योजनेमुळे राज्याच्या साध्या बसचे भाडे द्यावे लागत नाही, पण आम्हा सीमेपलीकडच्या मुलींना आणि सगळ्याच मुलांना पाचही दिवस पदरचे पैसे घालावे लागतात. पाहुण्यांच्या पुष्पगुच्छांचा आणि शालींचा खर्च इकडे वळवता आला तर पाहा.

भाषेविषयी तुम्ही लिहिलेले नाही, पण ती अडचण येणार. बैलहोंगल, सौंदत्तीकडची मुले कन्नड बोलतात, आम्ही मराठी, आणि प्रबंध सर्वांचाच इंग्रजीत. मी पहिल्यांदा परिसंवादात बोलले तेव्हा व्याकरण सांभाळताना मुद्दाच सांगायचा राहिला. पहिला एक मिनिट ज्याला त्याला आपल्या भाषेत बोलू द्यावे आणि गटातील दुसऱ्या कोणीतरी ते इतरांना सांगावे. ज्याला ते सांगावे लागते तो नीट ऐकतो, हा त्यातला मोठा लाभ आहे.

तिसरा प्रतिसाद

नोकरीच्या सत्रासाठी दूर पाहण्याची आवश्यकता नाही. बेळगावातच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची पारंपरिक औषधोपचारविषयक राष्ट्रीय संस्था आहे, आणि धारवाडला २०१६ पासून आयआयटी आहे. अशा ठिकाणी प्रकल्पावर काम करणाऱ्या, पीएच.डी. होऊन दोन-तीन वर्षेच झालेल्या व्यक्तीला बोलवा. संचालकांना बोलावले तर ते संस्थेची माहिती सांगतील. प्रकल्पावरची व्यक्ती जाहिरात कुठे पाहिली, मुलाखतीत काय विचारले, करार किती महिन्यांचा असतो आणि तो संपत आला की घरी काय बोलणी होतात, हे सांगेल. सामाजिक शास्त्रांच्या मुलांना भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेच्या पीएच.डी.नंतरच्या अधिछात्रवृत्तीची (फेलोशिपची) माहिती द्यावी आणि विज्ञानाच्या मुलांना राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल अधिछात्रवृत्तीची. दोन्हींसाठी आपल्या कामाचा पुढचा प्रस्ताव लिहावा लागतो, म्हणून एक दुपार भाषणाऐवजी सर्वांनी बसून दोन पानांचा प्रस्ताव लिहिण्यास द्या. पात्रतेच्या नियमांचा तुमचा परिच्छेद तर कन्नड आणि मराठीत छापून पहिल्याच दिवशी प्रत्येकाच्या हाती द्यावा.

मूळ प्रश्नकर्तीचे उत्तर

तिघांचेही मनापासून आभार. आज समितीची बैठक झाली. सहा जणांचे गट, सकाळी साडेअकराची वेळ आणि पहिला मिनिट आपापल्या भाषेत, या तीन गोष्टी मान्य झाल्या. मार्गदर्शकांना दुसऱ्या गटात बसवण्याबद्दल थोडी नाराजी व्यक्त झाली, परंतु आमच्या विभागप्रमुखांनी स्वतःच पहिले नाव दिले आणि ते मान्य झाले. शालींचे पैसे प्रवासखर्चाकडे वळवण्याचे लेखी पत्र उद्या देणार आहोत. प्रस्तावलेखनाची दुपार चौथ्या दिवशी ठेवली आहे. त्या वेळी प्रस्ताव तपासून देण्यास धारवाड किंवा कोल्हापूरकडून येऊ शकणारे कोणी इथे वाचत असल्यास कृपया व्यक्तिगत निरोप पाठवावा, येण्या-जाण्याचे भाडे आणि जेवण आम्ही देऊ.

खानापूरच्या मैत्रिणीला संध्याकाळी फोन केला. ती या वेळी दोन पट्ट्या आणणार आहे, एक सावकाश वाळवलेली आणि एक उन्हात तडकलेली.